आत्तारमामांचा होल्ड

आमच्या गल्लीत फोन एकच होता आणि तो आत्तारमामांच्या दुकानात होता. मी शिरूरला जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका म्हणून आले, मामांच्या दुकानामागची खोली भाड्यानं घेतली, आणि खोलीबरोबर मला एक पी.पी. नंबरही मिळाला. पी.पी. म्हणजे फोन शेजाऱ्याचा आणि बोलणारे आपण. नव्वदच्या दशकात लग्नपत्रिकांवर नंबराच्या पुढं ही दोन अक्षरं सर्रास छापलेली असत आणि त्यात कुणाला कमीपणा वाटत नसे. आमच्या गल्लीतल्या निम्म्या पत्रिकांवर मामांचाच नंबर असायचा.

दुकान कुंकू-बुक्क्याचं. हळद, अष्टगंध, उदबत्त्या, बाशिंगं, मुंडावळ्या, काळे मणी आणि एका काचेच्या कपाटात अत्तराच्या कुप्या. मामांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या शिरुरातलं. नाव इब्राहिम, पण ते फक्त लाईटबिलावर असायचं. लहानथोर सगळे त्यांना मामाच म्हणत. फोन काउंटरच्या टोकाला, अत्तराच्या कपाटाला खेटून ठेवलेला. त्यामुळं त्यावर बोलून आलं की दिवसभर कानाला हिन्याचा वास येत राहायचा. शाळेतल्या बाकीच्या शिक्षिका मी आत शिरल्या शिरल्या विचारायच्या, काय, आज फोन आला वाटतं.

फोन वाजला की मामा उचलायचे, ऐकायचे आणि एकच शब्द बोलायचे, "होल्ड." होल्ड करा नाही, जरा थांबा नाही. नुसतं होल्ड, आणि तेही मोठ्या साहेबानं हुकूम सोडावा तसं. मग रिसीव्हर घडी घातलेल्या टॉवेलवर आडवा ठेवून, चपला घालून, स्वतः जाऊन माणसाला बोलावून आणायचे. दुसऱ्या कुणाला पाठवायचे नाहीत. माणूस घरी नाही हे त्याच्या दारात उभं राहून पाहिल्याशिवाय फोनवर तसं सांगायचे नाहीत. बोलावताना फोन कुणाचा, कशाचा, हे रस्त्यावर उघड करायचे नाहीत. फक्त गावाचं नाव घ्यायचे. "बाई, नगर." "कमल, पाटस." एवढंच. निरोप ठेवून घ्यायचं तर नावच काढायला नको. ज्याची गोष्ट त्यानं ज्याला सांगायची त्यालाच सांगावी, मधल्या तोंडातून गेली की तिची चव बदलते, असं त्यांचं म्हणणं. मला हे तेव्हा जरा अतीच वाटायचं. मुख्याध्यापकांना "उद्या सुट्टी आहे" एवढंच कळवायचं असलं तरी मामा मला अंगाला साबण लावलेल्या अवस्थेत घाई करायला लावायचे.

हा शब्द त्यांना ट्रंककॉलच्या जमान्यात सापडला होता. तरुणपणी ते मालासाठी पुण्याला फोन लावायचे, तेव्हा एक्स्चेंजमधली बाई हा शब्द म्हणायची आणि मामा कान टेकून उभेच्या उभे. इतक्या लांबच्या माणसाला एका शब्दावर उभं करता येतं याचं त्यांना फार अप्रूप वाटलं असावं. स्वतःचा फोन आल्यावर त्यांनी तो शब्द आपल्याकडे घेतला, आणि मग तो फोनपुरता राहिना.

चहा उतू जायला लागला की ते आतल्या मामींना सांगायचे, चहा होल्ड कर. गिलावा करायला आलेल्या गवंड्याला विचारायचे, मालानं होल्ड धरला का. निवडणुकीत पडलेल्या एखाद्या आप्पांबद्दल बोलणं निघालं की, त्यांचा आता वॉर्डात होल्ड राहिला न्हाई. तळेगाव ढमढेऱ्याच्या जीपला मागं लटकणाऱ्याला, नीट होल्ड धर रं. नमाजाच्या वेळेला कुणी आलं तर ते गिऱ्हाईक होल्डवर. जिना चढताना दम लागला की कठड्याला धरून स्वतःलाच बजावायचे, होल्ड. आणि ज्या मुलीला पाहून गेले पण पलीकडून होकारही नाही नकारही नाही, ती मुलगीसुद्धा होल्डवर. ह्या शेवटच्या वापरावर मामी चिडायच्या. पोरीबाळी काय टेलिफोन हायत का, असं म्हणून आतूनच भांडं आपटायच्या.

माझ्यातली मास्तरीण किती दिवस गप्प बसणार? एका रविवारी मी शाळेतला जाडजूड शब्दकोश दुकानात नेला आणि मामांना म्हटलं, तुमच्या लाडक्या शब्दाचा अर्थ तरी एकदा बघू. उघडून पाहते तर त्या एवढ्याशा शब्दाला पानभर जागा दिलेली. धरणे, आवरणे, थोपवणे, बाळगणे, टिकणे, ताब्यात ठेवणे, मावणे, सभा भरवणे, एखादं मत असणे, आणि सगळ्यात खाली जहाजाच्या पोटातली माल ठेवायची जागा. मी वाचत होते आणि मामा बाशिंगाला मोती चिकटवत ऐकत होते. मावणे आलं तिथं त्यांनी मला थांबवलं. कुपीत अत्तर मावतं त्यालाही हाच शब्द का, म्हणाले. मी हो म्हटलं. सभेला त्यांनी मान हलवली, जहाजाच्या पोटाला त्यांचा हात थांबला.

"म्हंजी हातात धरायचं त्येबी ह्येच आन् पोटात दाबून ठिवायचं त्येबी ह्येच," ते म्हणाले. "इंग्रज माणूस लई कंजूष, बाई."

पुढचे आठ-पंधरा दिवस येणाऱ्या-जाणाऱ्याला त्यांनी जहाजाची गोष्ट सांगितली. शिरुरातल्या कुणी जहाज पाहिलेलं नव्हतं, मामांनीही नाही.

समोरच्या घरातली कमल ही मामांची मानलेली भाची. तिचा नवरा दिगंबर पिठाची गिरणी चालवायचा. माहेर दौंड तालुक्यातलं, पाटसचं. तिथं तिची आई आक्का आणि भाऊ भरत. दर गुरुवारी आक्का पाटसच्या स्टँडवरच्या दुकानातून फोन करायची. कमल हातातलं काम टाकून येईपर्यंत वेळ जायचा, मग मामा परत येऊन आक्काशी बोलत बसायचे. भरतला फैलावर घ्यायचं, पावसाची चौकशी करायची, दिगंबरच्या गिरणीची निंदा करायची. आक्का म्हणायची, मामा, तुमच्या दुकानातला उदाचा वास हितपत्तोर येतोय. ह्या दोघांनी एकमेकांना आयुष्यात दोन-तीनदाच पाहिलं असेल, पण गुरुवार चुकला की मामा फोनकडे बघत राहायचे.

कमलची थोरली मुलगी मंगल. तिचं लग्न तळेगाव ढमढेऱ्याच्या एका चांगल्या घरात ठरलं होतं आणि दोनदा पुढं गेलं होतं. एकदा नवऱ्या मुलाचे चुलते वारले म्हणून, एकदा त्या मुलानंच मोटरसायकलवरून पडून पाय मोडून घेतला म्हणून. दुसऱ्या खेपेनंतर तळेगावात कुजबुज सुरू झाली. मुलीचा पायगुण बरा नाही, असं कुणीतरी बोललं, आणि ते बोलणं फिरत फिरत शिरूरला आलं. तिसरी तारीख धरताना व्याह्यांनी स्पष्टच सांगितलं की आता काही आडवं आलं तर आम्ही हे जुळत नाही असं समजू. त्या उन्हाळ्यात कमल निम्मी झाली होती. मामांनी ह्या मुलीच्या बाबतीत होल्ड हा शब्द एकदाही उच्चारला नाही, ही गोष्ट मामींनीच मला दाखवून दिली.

लग्न गोरज मुहूर्तावर होतं. सकाळी मी उदबत्तीचा पुडा घ्यायला दुकानात उभी असताना फोन वाजला. मामांनी उचलला, होल्ड म्हणाले, रिसीव्हर टॉवेलवर ठेवायला वाकले आणि मधेच थांबले. पलीकडून रडण्याचा आवाज मलाही ऐकू आला. त्यांनी रिसीव्हर पुन्हा कानाला लावला.

भरत होता. आक्का पहाटे गेली होती. लग्नाला निघायचं म्हणून अंघोळ करून, नवं लुगडं नेसून बसली होती, ती बसल्या जागीच गेली. भरतनं फोन कमलला सांगायला म्हणून लावला होता, पण मामांचा आवाज ऐकल्यावर त्याचा धीर सुटला. कमलला सांगायचं का नाही ते तुम्हीच ठरवा, माझं डोकं चालत नाही, असं तो म्हणत राहिला. उन्हाचे दिवस, गावकरी संध्याकाळच्या पुढं थांबणार नव्हते.

आमच्याकडे सुतक कळल्यापासून लागतं. लेकीला आईचं लागतं, जावयालाही लागतं. ही बातमी समोरच्या घरातल्या एकाही माणसाच्या कानावर गेली की मांडव थांबणार, आणि थांबला की मंगलचं लग्न मोडणार. कानावर गेली नाही तर घर मोकळं. म्हणून लग्नघरी अशी बातमी अक्षता पडेपर्यंत दाबून ठेवायची रीत आहे. पण मग कमलला आईचं तोंड दिसणार नव्हतं. सकाळी न्हावरा-चौफुल्यावरून जीपनं निघाली तर दिसणार होतं, गोरजानंतर निघाली तर नाही. दोन्ही मिळण्यासारखं नव्हतं. मामांना कुणाला विचारण्याचीही सोय नव्हती, कारण ज्याला विचारावं त्यालाच सुतक. सुतक लागू शकत नाही अशी माणसं दुकानात दोनच होती, एक आत्तार आणि एक परगावची मास्तरीण.

मामांनी फोन ठेवला. माझा पुडा कागदात बांधून माझ्या हातात दिला.

"बाई, तुमी काय ऐकलं न्हाई," ते म्हणाले.

मला त्या क्षणी काही वाटलं नाही. दुःख नाही, भीती नाही. पुढं अनेकदा मी ती सकाळ आठवून पाहिली, दर वेळी तिथं उदबत्तीचा पुडाच तेवढा सापडतो.

दुपारी कमल हळदीनं पिवळी झालेली दुकानात आली. आक्का अजून कशी आली नाही, फोन आला होता का, असं तिनं विचारलं. फोन आला नाही, असं मामा म्हणू शकले असते. पण आलेला फोन नाही म्हणणं त्यांना जमणारंच नव्हतं. आला होता म्हणाले. आक्काला जरा बरं नाही, भरत तिच्यापाशी आहे, तू तुझं उरक. कमल जागची हलली नाही. मग मी जीपनं जाऊन भेटून येते, म्हणाली, मुहूर्ताच्या आत परत येईन. आणि पाटसला फोन लावायला सांगून तिनं काउंटरवरच्या फोनवर हात ठेवला.

"कमल," मामा म्हणाले, "आक्का बोलली माझ्यासंगं. म्हणाली, माजी वाट बगू नका. अक्षता पडू द्या. मी मागनं येते."

"आक्का बोलली? तिच्या तोंडानं?"

"तिच्या तोंडानं."

कमलनं पदरानं डोळे पुसले, जराशी हसली आणि गेली. मांडवात जो भेटेल त्याला ती सांगत होती की आक्काचा फोन आला होता, तिनं असं असं सांगितलंय. मंगलला तर बोहल्यावर चढताना कानात सांगितलं. व्याह्यांनासुद्धा सांगितलं, आणि म्हातारी समजूतदार आहे, असं व्याही म्हणाले. मामा मांडवाच्या टोकाला उभे होते. मंगलाष्टकं संपली तेव्हा सगळ्यांनी अक्षता टाकल्या, मामांच्या हातातल्या हातातच राहिल्या. ते जेवले नाहीत. मी जेवले. लाडू खाल्लेला मला आठवतो, त्याची चव आठवत नाही.

पाठवणी झाली, गाड्या तळेगावच्या रस्त्याला लागल्या आणि मामा कमलच्या दारात जाऊन उभे राहिले.

"कमल, पाटस," ते म्हणाले.

ती सवयीनं दुकानाकडे निघाली. दोन पावलांवर थांबून तिनं मामांच्या तोंडाकडे पाहिलं आणि खाली बसली. जीप ठरवलेली होती. ते दोघं नवरा-बायको रात्रीचे पाटसला पोचले तेव्हा सगळं उरकलेलं होतं.

दिवसपाणी करून कमल परत आली आणि दुसऱ्याच सकाळी दुकानात आली. ती भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं.

"आक्का पहाटंच गेली, मग त्या दिवशी तुमच्यासंगं कोण बोललं?" तिनं विचारलं.

"कुणी न्हाई," मामा म्हणाले. "त्ये माजं बोलणं हुतं."

"सुतकाचं मी समजले असते, मामा. माज्या पोरीसाठी केलं तुमी. पण आक्काचं शेवटचं बोलणं म्हणून तुमी मला तुमचं बोलणं दिलं, आन् मी त्ये मांडवभर वाटलं."

भरतनं माझ्यावर टाकलं होतं, तू फोनला हात घातलास म्हणून माझा नाइलाज झाला, यातलं एक अक्षरही मामांनी काढलं नाही. कमल गेली, ती पुन्हा त्या दुकानाची पायरी चढली नाही. तिचे पाटसचे फोन गल्लीच्या तोंडाशी नव्यानंच निघालेल्या एसटीडी बूथवर यायला लागले. कुंकूसुद्धा ती तळेगावच्या बाजारातून आणायची. मला आधी तिचा राग आला, मग मामांचा आला, मग रोज दोघांना समोरासमोर बघून कंटाळा आला.

तो शब्दही गेला. फोन आला की मामा "थांबा" म्हणायचे आणि बोलवायला जायचे. चहा उतू गेला तरी बघत बसायचे. लोकांनी पहिले काही दिवस त्यांना मुद्दाम छेडून पाहिलं, गिऱ्हाइकं म्हणायची, मामा, आम्हाला होल्डवर ठेवा की. मामा नुसते मान हलवायचे. दुकान वेळेवर उघडायचं, वेळेवर बंद व्हायचं, बाशिंगं पूर्वीसारखीच सुबक व्हायची. मामींनी पुण्याच्या डॉक्टरकडे नेलं, डॉक्टरांना काही सापडलं नाही. एकदा मी धीर करून विचारलं, मामा, तुम्हाला झालं ते चुकलं असं वाटतं का?

"मंगलचं बरं चाललंय, बाई," ते म्हणाले. "त्ये बरोबरच झालं. कमलचं काय झालं त्ये मला आतून कळतच न्हाई. पायाला मुंग्या येऊन गेल्यावर चिमटा काढला तरी कळत न्हाई, तसं हाय."

मंगल सुट्टीत माहेरी आली की मुलांना घेऊन दुकानात यायची. मामा मुलांच्या मनगटाला अत्तर लावायचे. कमल आपल्या दारातूनच मुलांना हाक मारायची आणि मुलं पळायची. अशी किती वर्षं गेली ते मी मोजत बसले नाही. दरम्यान घरोघरी फोन आले, पत्रिकांवरची पी.पी. ही अक्षरं गेली, मग मोबाईल आले. मामी गेल्या. मामांचा फोन महिनोन्‌महिने वाजायचा नाही. त्यांचा डावा कान, फोन लावायचा तोच, हळूहळू पूर्ण गेला आणि उजव्यानंही जेमतेम ऐकू यायचं. समोर तोंड करून मोठ्यानं बोलावं लागायचं.

कमलच्या धाकट्या मुलीचं लग्न ठरलं त्या वर्षी माझ्या बदलीची ऑर्डर आली होती. मी दुकानात मामांना तेच सांगायला बसले होते आणि कमल आत आली. केस पांढरे झाले होते, चष्मा लागला होता. बाशिंग, मुंडावळ्या, हळकुंडं, काळे मणी, असं एकेक तिनं सांगितलं. मामांनी एकेक काढून ठेवलं. जणू ती कालच येऊन गेली होती. मग ते पाठमोरे होऊन खालच्या फळीवरचा कागद शोधायला लागले. कमल त्यांच्या पाठीकडे बघत होती. तिचा आवाज आधीपासूनच हळू.

"मामा," ती म्हणाली, "आक्का असती तर त्या दिवशी तसंच म्हणाली असती."

मामांचे हात कागदात होते. ते वळले नाहीत. कमलला काय उत्तर मिळालं असं वाटलं कोण जाणे, पण तिच्या तोंडावरचा ताण उतरलेला मला दिसला. मामांनी वळून पुडा बांधून दिला, तिनं तो पिशवीत घातला, माझ्याकडे बघून मान डोलावली आणि रस्ता ओलांडून घरात गेली.

"कायतरी म्हणत व्हती काय?" मामांनी मला विचारलं.

मी त्यांच्या उजव्या बाजूला गेले आणि कमलचं वाक्य जसंच्या तसं, एकही शब्द न बदलता, मोठ्यानं सांगितलं. त्यांनी ते ऐकलं. मी त्यांच्या तोंडावर काहीतरी उमटेल म्हणून वाट बघत होते.

"ह्ये ती म्हणाली," त्यांनी विचारलं, "का तुमी म्हणताय, बाई?"

तीच म्हणाली, मी सांगितलं. मामांनी मान हलवली आणि उरलेला कागद घडी घालून परत फळीवर ठेवला. समोर कमलच्या दारात मांडवासाठी आणलेले वेळूचे वासे गाडीतून उतरवत होते, आणि मामा ते बघत उभे राहिले.